करवंटीचा वार

"मी वर्षभरासाठी ओकायामाला चाललेय," असं सांगितलं तेव्हा सिंहगड रोडवरच्या मावशीने विचारलं, "रोज? मग आमच्याकडेच राहायला ये की. पाच मिनिटांवर तर आहे."

मावशीचं चुकलं नव्हतं. पुण्यात ओकायामा म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यान. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आणि ते बेतलंय जपानातल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेवरून. मूळ बाग 1687 साली करायला घेतली आणि 1700 साली पुरी झाली, अशी माहितीही मी पुरवली. मावशी म्हणाली, "तेरा वर्षं? म्हणजे पालिकेचंच काम दिसतंय."

तर सध्या मी मूळ ओकायामात असते. इथल्या विद्यापीठात एक्स्चेंज स्टुडंट. म्हणजे माझ्या बदल्यात त्यांचा एक मुलगा पुण्यात येऊन राहिलाय. तो रोज स्वारगेटला रस्ता कसा ओलांडत असेल हे आठवलं की माझ्या तक्रारी मलाच क्षुल्लक वाटतात. शिष्यवृत्ती महिना 80,000 येन. या शहराचा लाडका वीर मोमोतारो. हा पीचमधून जन्मला. मुख्य रस्ता त्याच्या नावाचा, गटारांच्या झाकणांवरही तोच. त्याने राक्षसांशी लढायला कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी अशी फौज जमवली, तीही भरडधान्याच्या एकेका लाडवावर. शिष्यवृत्ती देऊन परक्याला कामाला लावायची परंपरा या भागात अशी जुनी आहे.

तिथे तुझा दिवस कसा जातो, असं सगळे विचारतात. दिवाळीनंतरचा एक बुधवार सांगते. त्यावरून बाकीच्यांची कल्पना यावी.

सकाळ कुकरने होते. आईने बॅगेत तीन लिटरचा कुकर कोंबून दिलाय. आल्याआल्या पहिल्याच आठवड्यात मी वरण-भात लावला आणि पहिली शिट्टी झाली. दुसरी व्हायच्या आत दारात वसतिगृहाचे व्यवस्थापक, कान्रिनिन-सान, हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन उभे. साठीचे, अतिशय सभ्य गृहस्थ. धापा टाकत आधी म्हणाले, "सुमिमासेन." आग माझ्या घरात, आणि माफी ते मागतायत.

"आग नाही, डाळ आहे," मी म्हणाले.

"अजून किती वेळा वाजेल?"

"दोनदा."

ते दोन्ही शिट्ट्या होईपर्यंत दारात उभे राहिले. तेव्हापासून आमचा करार आहे. मी आदल्या संध्याकाळी चिठ्ठी देते: 'उद्या सकाळी 7.10 ते 7.25 या वेळेत तीन शिट्ट्या होतील. त्रासाबद्दल क्षमस्व.' ती चिठ्ठी ते सूचनाफलकावर लावतात. एकदा भात भिजवलेला होता म्हणून मी दोनच शिट्ट्या केल्या. 7.40 ला दार वाजलं. कान्रिनिन-सान काळजीने विचारत होते, "तिसरी कुठे गेली?"

हसू नका. 2017 साली टोकियोजवळच्या एका रेल्वे कंपनीने आपली गाडी वीस सेकंद लवकर सुटली म्हणून जाहीर माफी मागितली होती. त्या देशात एक अख्खी शिट्टी हरवणं म्हणजे लहान गोष्ट नाही.

त्या बुधवारी तिन्ही शिट्ट्या वेळेवर झाल्या. गडबड पुढे झाली. लक्ष्मीपूजनाला मी हलाल किराणा दुकानातून एक नारळ आणला होता. तो फोडला, खोबरं किसलं, करंज्या फसल्या, त्या शिरा म्हणून शेजारणीला वाटल्या, आणि मागे करवंटी उरली. ती जाळायच्या कचऱ्यात घालून, पिशवीला गाठ मारून, मी खाली कावळ्यांच्या जाळीखाली ठेवली. इथे कचऱ्यावर जाळी टाकतात, कारण कावळे दांडगे आहेत. या गावचा किल्लाही काळा कुळकुळीत, आणि त्याचं नावच कावळ्याचा किल्ला. कावळ्यांची वट तेव्हापासूनची असावी.

नऊ वाजता सायकल काढायला उतरले, तर जाळीखाली एकच पिशवी. माझी. तिच्यावर लाल स्टिकर.

शाळेत निकालाच्या दिवशी सगळा वर्ग पास होऊन घरी जावा आणि आपण तेवढे बाकावर उरावं, तशी ती दिसत होती. पिशवी अर्धपारदर्शक असते. त्यामुळे ती कोणाची, हा प्रश्नच नव्हता. अख्ख्या इमारतीत हळदीचे डाग आणि चहाचा चोथा एकाच घरातून निघतो. स्टिकरवर बरीच चित्राक्षरं होती. मला दोनच आली: 'बाहेर' आणि 'नाही'. करवंटीचं नाव नव्हतं, पण चोराच्या मनात करवंटी.

पिशवी घेऊन कान्रिनिन-सानांकडे गेले.

"ही करवंटी चालत नाही का?"

त्यांनी स्टिकर वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा स्टिकर पाहिला, आणि दातांतून 'स्स्स' असा श्वास आत ओढला. मग म्हणाले, "चोत्तो..."

चोत्तो म्हणजे 'थोडंसं'. शब्दकोशात. प्रत्यक्षात चोत्तो म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की त्याचा अर्थ नाही, मुळीच नाही, तुम्ही विचारायलाच नको होतं. हे कळायला मला दोन महिने लागले. पुण्यात हेच काम पाटी करते: 'येथे कचरा टाकणारास अक्कल नाही असे समजले जाईल.' एका वाक्यात विषय संपतो आणि दोन्ही पक्ष मोकळे होतात. इथे मोकळं कोणी होत नाही. कान्रिनिन-सानांनी करवंटी बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि मोजमापाची टेप आणली.

"हे लाकूड आहे का?"

"फळ आहे."

"फळ म्हणजे जळाऊ." त्यांनी बोटाने टिचकी मारली. टण्ण वाजलं. "पण इतकं कडक?"

"आमच्या आजोळी बंबात घालतात. मस्त पेटते." करवंटी जळते याचा आमच्या घराण्यात चार पिढ्यांचा पुरावा आहे.

"बंब म्हणजे?"

बंब मी जपानीत समजावून सांगितला. अंघोळीचं पाणी, मधून नळी, खाली विस्तव. त्यांच्या चेहऱ्यावर भारतातल्या घरोघरी वाफेचं इंजिन असल्याचा भाव आला. शेवटी त्यांनी कचऱ्याची पुस्तिका काढली. नारळ नव्हता. त्यांनी करवंटीचे तीन बाजूंनी फोटो काढले आणि पालिकेकडे चौकशी करतो म्हणाले. तोवर? "चोत्तो," ते म्हणाले. मी करवंटी पाठपिशवीत टाकली आणि निघाले.

कचरा इथे गमतीचा विषय नाही. ओकायामाच्या समोर, समुद्रापलीकडच्या शिकोकु बेटावर कामिकात्सु नावाचं गाव आहे. तिथे कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार करतात. आमच्याकडे दोन, ओला आणि सुका, त्यावरही सोसायटीच्या सभेत खुर्च्या उचलल्या जातात. योकोहामा पालिकेने तर कचऱ्याच्या शंका सोडवायला चॅटबॉट ठेवला होता. 'नवरा टाकायचाय, काय करू?' असं विचारलं तरी त्याच्याकडे उत्तर तयार असे. नवऱ्याची सोय होते, करवंटीची होत नाही.

वाटेत कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, ओनिगिरि घ्यायला थांबले. भाताचा त्रिकोणी लाडू. शाकाहारी माणसाने दोन शब्द पाठ करावेत, उमे आणि कोम्बु. कोम्बु हे समुद्री शेवाळ, उमे हे खारवलेलं आंबट फळ. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे लोणचं-भातच खातेस. त्यासाठी एवढं विमानाचं तिकीट?"

गल्ल्यावर मुलगा एका दमात पाच प्रश्न विचारतो. गरम करू का, पिशवी हवी का, चॉपस्टिक्स हव्यात का, पॉइंट कार्ड आहे का, आणि पाचवा मला आजवर ऐकूच आलेला नाही. सगळ्यांना मी एकच उत्तर देते: "दाइजोबु देसु." हे आपल्या 'असू दे' सारखं आहे. 'असू दे' म्हणजे ठेव की नको, हे म्हणणाऱ्याच्या मानेवर असतं. माझ्या मानेचं जपानी अजून कच्चं आहे. शिवाय आपली मान आडवी हलते तेव्हा हो की नाही, हे मुलुंडच्या माणसाला पुण्याच्या माणसाचं कळत नाही, तिथे ओकायामाच्या मुलाला काय कळणार. त्या दिवशी मला पिशवी मिळाली नाही, एका ओनिगिरिला चॉपस्टिक्सचे तीन जोड मिळाले, आणि ओनिगिरि गरम.

तास दीड तासाचा असतो. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की जपानी मुलं वर्गात झोपतात आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. झोपला म्हणजे रात्री राबला असणार, असं धरून चालतात. मीही एकदा झोपले. सेन्सेइंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, हळूच विचारलं, "तब्येत बरी नाही का?" झोपायलाही बहुतेक जपानी चेहरा लागतो.

तास संपल्यावर वही काढताना करवंटी टेबलावर आली. सेन्सेइंनी ती दोन्ही हातांनी उचलली, डोळ्यांसमोर धरली, हळूहळू फिरवली, उलटी करून बूड पाहिलं. चहासमारंभात वाडगा असाच पाहतात.

"वा," त्या म्हणाल्या. "अगदी बिझेनसारखी."

बिझेन ही ओकायामाकडची प्रसिद्ध मातीची भांडी. रोगण नसलेली, तपकिरी, खडबडीत. एकेक वाडगा माझ्या शिष्यवृत्तीच्या बाहेरचा. आमच्या करवंटीला कोणी एवढा मान दिलेला मी पाहिला नव्हता. आजोळी तिला दांडा लावून ओगराळं करत, त्यातल्या त्यात प्रतिष्ठेचं पद तेच.

"ही टाकून द्यायचीय," मी म्हणाले.

सेन्सेइ गप्प झाल्या. मग फार मऊ आवाजात म्हणाल्या, "चोत्तो..."

करवंटी परत पाठपिशवीत.

जेवायला कँटीनला गेले. दारात यंत्र असतं. पैसे टाकून बटण दाबायचं, कुपन येतं. पदार्थांची नावं कातकाना लिपीत असली की मला वाचता येतात, आणि वाचता येणारा पदार्थ मी शाकाहारी समजते. ही पद्धत शास्त्रीय नाही, पण भूक लागलेली असते. त्या दिवशी एका बटणावर वाचलं: आ-जि-फु-रा-इ.

आजी फ्राय.

मी दोनदा वाचलं. घरापासून सहा हजार किलोमीटरांवर, दिवाळीच्या आठवड्यात, डोळ्यांसमोर 'आजी' हा शब्द आला आणि बोट आपोआप बटणावर गेलं. कुपन खिडकीत दिलं. आतल्या बाईंनी भटारखान्याकडे वळून आरोळी ठोकली, "आजी हितोत्सु!"

एक आजी.

ताटात पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, पोटातून उघडून पसरलेला मासा आला. शेपटी शिल्लक. आजी हे एका माशाचं नाव आहे, हे शेजारी बसलेल्या व्हिएतनामी मुलीने सांगितलं. आणि 'आजी' म्हणजे चवही. आजिनोमोतोमधला आजी तो हाच: चवीचं मूळ. चायनीजच्या गाडीवर इतकी वर्षं आजिनोमोतो खाल्लं, कोणी कधी आजीचा खुलासा केला नाही.

मी म्हणाले, मी मासे खात नाही. ती म्हणाली, "मग सूप तरी पी." सूप माशाच्या पाण्यात. पालक घेतला, त्यावर माशाचे पापुद्रे, आणि वाफेने ते असे हलत होते की जणू पालकाला निरोप देतायत. शाकाहाराचा जपानी अर्थ, मासा दिसायला नको, इतकाच आहे. आजीचं मी काय केलं ते इथे लिहीत नाही. हा लेख घरी वाचला जाणार आहे.

दुपारी बँक. इथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. पासपोर्टवर आधी माझं आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं नाव, मधुकर. परदेशी लोकांचं आडनाव शेवटी असतं एवढं जपानी कारकुनांना पक्कं माहीत असतं. त्यामुळे खातं उघडलं गेलं ते मादुकारु या आडनावाने. दवाखान्यात, ग्रंथालयात, जिममध्ये, सगळीकडे मी मादुकारु-सान. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकायचे. मी मादुकारु होऊन शिकतेय.

शिष्यवृत्तीच्या कागदांवर मात्र खरं आडनाव होतं. नाव जुळेना, पैसे अडकले.

"मादुकारु-सामा!" खिडकीतल्या बाईंनी पुकारा केला आणि कमरेत वाकल्या. बाबांना आयुष्यात पहिल्यांदा बँकेत कोणी वाकून नमस्कार केला, आणि नेमके तेव्हा ते पुण्यात होते.

"मी मादुकारु नाही," मी सांगितलं.

बाईंनी कागद पाहिले. "मग मादुकारु-सामा कोण?"

"माझे वडील."

"अच्छा. मग वडिलांना घेऊन येता येईल का?"

"ते भारतात आहेत."

बाईंनी श्वास आत ओढला. पुढचा शब्द मला माहीत होता.

पासपोर्ट दाखवायला पाठपिशवी उलटी केली, तर आधी करवंटी पडली. टणटणत खुर्च्यांखालून गेली. बँकेत इतकी शांतता होती की ती कुठे कुठे वळली ते सगळ्यांना ऐकू आलं. एका आजोबांनी ती वाकून उचलली, रुमालाने पुसली आणि दोन्ही हातांनी मला दिली. मी वाकले, ते वाकले, मी जास्त वाकले, त्यावर तेही जास्त वाकले. कमरेचे दोन मणके आणि अर्धा तास गेला. नाव दुरुस्त व्हायला दोन आठवडे लागतील म्हणाले. बाबांना फोनवर हे सांगितलं तर त्यांनी फक्त इतकंच विचारलं, "माझ्या नावावर कर्ज नाही ना काढलंस?"

संध्याकाळी वसतिगृहात शिरले. कान्रिनिन-सान वाटच पाहत होते. समोर एक फाइल. फाइलवर करवंटीचा फोटो.

"पालिकेला विचारलंय. संबंधित विभागाकडे पाठवलंय. दोन-तीन दिवसांत उत्तर येईल."

मी आभार मानले. करवंटीमुळे पिशवी परत आली आणि तुम्हाला किती त्रास, असं काहीतरी म्हणाले. ते अवघडले.

"पिशवी करवंटीमुळे परत आली नाही," ते म्हणाले. "स्टिकरवर लिहिलंय, आज वार चुकला. जाळायचा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी. आज बुधवार. बुधवार प्लास्टिकचा."

आता वारांचं सांगते, म्हणजे माझा गुन्हा किती मोठा ते कळेल. जपानी वार आणि आपले वार एकाच ग्रहांचे आहेत. रवि, सोम, मंगळ, सगळे तसेच. फक्त त्यांच्या मंगळाच्या नावात अग्नी आहे आणि बुधाच्या नावात पाणी. मी जाळायचा कचरा पाण्याच्या वारी नेऊन ठेवला होता. आमच्या आजीलासुद्धा हे पटलं नसतं. तिच्याकडे तर वारावारी केस धुवायचेही नियम आहेत.

"पण मग सकाळीच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही करवंटीबद्दल विचारलंत," कान्रिनिन-सान म्हणाले.

"म्हणजे करवंटी शुक्रवारी टाकू?"

"नाही, नाही. आता चौकशी चालू आहे. उत्तर येईपर्यंत टाकता येणार नाही." आणि त्यांनी विनंती केली की तोवर ती नीट जपून ठेवावी, कदाचित पालिकेचे लोक पाहायला येतील.

रात्री नऊला आजीचा फोन. तिच्याकडे तेव्हा साडेपाच, चहाची वेळ.

"आज काय जेवलीस?"

"आजी, इथे आजी तळून मिळते."

पलीकडे शांतता. मग, "कोणाची?"

"अगं मासा असतो तो. त्याचं नाव आजी."

"माशाला आजी? मावशी म्हणा, काकू म्हणा. आजी कशाला म्हणतात मेले?"

"चवीलाही आजीच म्हणतात."

"हां," आजी म्हणाली, "ते बरोबर आहे." आणि चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नारळ कुठे फोडलास? करवंटी टाकू नकोस हो, कामाला येते."

करवंटी सध्या धुऊन, पिशवीत घालून, फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवली आहे. पालिकेचं उत्तर अजून आलेलं नाही. ओकायामाहून पुण्याला कोणी जाणार असेल तर कृपया कळवावं. वजन फार नाही, शेंडी काढलेली आहे, आणि सिंहगड रोडवर मावशीकडे दिली तरी चालेल.